सोमवारी राग आलाच नाही

मला सगळे तोफ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची टाप आहे? पण मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं मला त्याचं कौतुकच वाटायचं. सत्तर वर्षांची बाई तीन खोल्या ओलांडून ऐकू जाईल असं ओरडते, म्हणजे फुफ्फुसं शाबूत आहेत. तर अशी मी. आणि त्या सोमवारी मी ओरडलेच नाही.

आमचं काम कवळ्या बनवायचं. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप, म्हणजे ठसा, घेऊन पाठवतात. आम्ही त्यात प्लॅस्टर ओतून वरच्या आणि खालच्या हिरडीचा साचा काढतो, साच्यावर मेण चढवतो, मेणात एकेक दात बसवतो, मग मेणाच्या जागी पक्की गुलाबी हिरडी येते आणि शेवटी घासकाम आणि चकाकी. पहिल्या खोलीत प्लॅस्टर, दुसरीत मेणाचं लांब टेबल, तिसरीत घासायची मोटर. हे सगळं माझ्या आईने उभं केलं. तिच्यानंतर माझ्याकडे आलं. आता डॉक्टरांचे फोन, ऑर्डरी, तारखा हे सगळं माझी लेक बघते. तिची लेक, म्हणजे माझी नात, बावीस वर्षांची, गेल्या वर्षापासून माझ्या शेजारी मेणाच्या टेबलावर बसते. आणि मोटरवर भुंगा. त्याचं वय सासष्ट, पण दिवसभर त्या मोटरची भुणभुण त्याच्याभोवती असते म्हणून तो भुंगा. एका कानाने कमी ऐकतो. कुठल्या कानाने ते त्याच्या सोयीवर असतं.

आमच्याकडे एक खोड आहे, ती आईपासूनची. साच्याच्या बुडाला आम्ही नंबर घालत नाही. माप द्यायला आलेला माणूस कसा दिसला, कसा बोलला हे डॉक्टरकडचं कुणीतरी फोनवर सांगतं, आणि मी खिळ्याने बुडाला एखाददुसरा शब्द कोरते. ‘खोकला’. ‘टक्कल’. ‘घाईघाई’. ‘माझी सून’. ही शेवटची बाई म्हणे माप देताना तोंडात प्लॅस्टर असूनही सुनेबद्दलच बोलत होती. लेक दहा वर्षं मागे लागलीय, आई नंबर घाल, नंबर घाल. मी म्हणते, नंबराला काय चव आहे? नंबर विसरतो, माणूस लक्षात राहतो.

तर सोमवारी अकराच्या सुमाराला नात माझ्यापुढे दोन ट्रे घेऊन उभी राहिली. चेहरा प्लॅस्टरसारखा पांढरा.

“आजी, माझ्याकडून घाण झाली.”

घाण म्हणजे काय, तर दोन कवळ्या तयार होत्या. एक ट्रम्पेट वाजवणाऱ्या गृहस्थाची, त्यांचा शनिवारी कार्यक्रम. दुसरी एका शाळेतल्या शिपायाची. पोरीने एकाची वरची आणि दुसऱ्याची खालची अशी जोडी लावली. अर्थातच दात एकमेकांवर बसेनात. तेव्हा माणसाने थांबून विचार करावा की नाही? हिने तो न करता दात घासून घासून जुळवले. मग दुसरी जोडी काढली, तीही जुळेना, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तोवर चार दिवसांचं काम मातीत गेलेलं. दोन्ही कवळ्या पहिल्यापासून करायच्या.

लेक दारात आली. तिसऱ्या खोलीतली मोटर बंद झाली. म्हणजे भुंग्याचे दोन्ही कान एकदम चालू झाले होते. सगळे माझ्याकडे बघत होते, छतावरून काहीतरी पडणार आहे आणि कुणाच्या डोक्यावर पडतंय एवढंच बघायचं आहे, तसे.

मीही वाट बघत होते. माझा राग मला चांगला माहीत आहे हो. आधी कानाच्या पाळ्या गरम होतात, मग तळपायाची आग मस्तकात जाते, आणि मग मी काय बोलते ते माझं मलाही आठवत नाही. मी थांबले. कानाच्या पाळ्या गार. आत अगदी सामसूम. समोर रडवेली पोर दिसत होती, तिच्या नाकाच्या टोकाला गुलाबी भुकटी लागली होती, आणि माझ्या मनात एवढंच आलं की ती पुसायला हवी.

“बरं,” मी म्हणाले. “पुन्हा करू.”

नातीने डोळे मोठे केले, आणि मग जी हमसून हमसून रडायला लागली की काही विचारू नका. ओरडले असते तर इतकी रडली नसती. लेकीने तिला बाहेर नेलं. जाताना मागे वळून माझ्याकडे जी नजर टाकली ती मी ओळखली. मी ती नजर स्वतः कुणावर तरी टाकलेली आहे.

आणि आता खरी गोष्ट सांगते, जी मी त्या दिवशी कुणालाही सांगितली नाही. सगळे गेल्यावर मी ते साचे उलटे करून पाहिले. पहिल्या जोडीच्या बुडाला लिहिलं होतं ‘मिशी’. दुसऱ्या जोडीच्या बुडालाही ‘मिशी’. अक्षर माझं. दोघांनाही मिश्या होत्या म्हणे, आणि मी पंधरा दिवसांच्या अंतराने दोघांना एकच शब्द दिला होता. पोरीने जोडी चुकवली नव्हती. मी चुकवली होती.

आणि मला माझी आई आठवली.

आई माझ्याही वरताण होती. मी तोफ, तर ती अख्खा तोफखाना. तिच्या आवाजाने डॉक्टर लोक फोन कानापासून लांब धरायचे. आणि मग अडुसष्टाव्या वर्षी ती शांत झाली. कुणी वाटी फोडली तर म्हणायची, “असू दे.” गिऱ्हाईक वेडंवाकडं बोललं तर हसायची. एकदा मला म्हणाली, “आता राग येत नाही गं. बरं वाटतं.” मी दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरकडे नेली. काही निघालं नाही, पण मी सावध झाले. तिला टेबलावरून उठवलं. गरम मेण, धारदार सुरी, नको उगाच. पहिल्या खोलीच्या खिडकीत तिचं स्टूल ठेवलं, वर छान उशी दिली, म्हटलं, आई, खूप केलंस, आता आराम कर. ती तिथे बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना बघायची. शेवटी शेवटी ती मला ‘अहो बाई’ म्हणायला लागली. म्हणजे माझ्या हिशेबात गोष्ट अशी होती: आधी राग जातो, मग माणसं जातात.

आणि माझा राग गेला होता. आणि दोन मिश्या.

मी खिळा घेतला आणि शिपायाच्या साच्यावरची ‘मिशी’ खरवडून टाकली. तिथे ‘शाळा’ लिहिलं. भुकटी फुंकली, साचे जागेवर ठेवले आणि चहा प्यायला गेले. माझी चूक कळली तर मलाही खिडकीत बसवतील, एवढं एकच डोक्यात होतं. नातीच्या डोक्यावर ती चूक तशीच राहिली. सत्तर वर्षांची घोडी आणि हे असलं वागणं. आता लिहितानासुद्धा मान खाली जाते.

मंगळवारी आणखी एक झालं. आमच्याकडे रुग्ण सहसा येत नाहीत, ते आपले डॉक्टरकडे जातात. पण ‘खोकला’ आली. जवळच राहते, एकटीच असते, आठ दिवसांपूर्वीच तिची कवळी आमच्याकडून तयार होऊन गेली होती. पिशवीतून तिने एक सफरचंद काढलं आणि माझ्यापुढे उभी राहून म्हणाली, “बघा हं.” आणि कचकन चावा घेतला. रस हनुवटीवर ओघळला. “अकरा वर्षांनी,” ती म्हणाली. तोंड भरलेलं, डोळे लकाकताहेत.

झालं. माझ्या डोळ्यांना धार लागली. थांबेचना. असे चावे मी आयुष्यात शंभर पाहिले असतील. पूर्वी म्हणायचे, ठीक आहे, चालतंय ना, चला, पुढचं काम. आणि आता एका सफरचंदावर ढसाढसा रडतेय! ‘खोकला’ घाबरली, मला सफरचंद देऊ लागली. मी ते घेतलंसुद्धा. आम्ही दोघींनी मिळून खाल्लं.

लेकीने काचेतून हे सगळं पाहिलं. दुपारी तिने माझ्या नावाने डॉक्टरची वेळ घेतली.

“कशाला?” मी म्हटलं.

“सहज. तपासणी.”

“मला काय धाड भरलीय?”

“आई, तू काल ओरडली नाहीस आणि आज रडलीस. मला भीती वाटते गं.”

मलाही वाटत होतीच.

नात त्या दोन दिवसांत माझ्याशी बोललीच नाही. समोर बसायची, मेण तापवायची, दात हातात घेऊन नुसती बघत राहायची. मधेच डोळे पुसायची. बुधवारी मी विचारलं, “किती दिवस उगाळणार आहेस ते? झालं ते झालं.” तर म्हणाली, “तुला काहीच कसं वाटत नाही?” आणि उठून प्लॅस्टरच्या खोलीत निघून गेली. तिच्या वयात मीही अशीच होते. एक दात तिरका बसला तर मला वाटायचं, आपला जन्म फुकट गेला. जेवण जायचं नाही. बोलून उपयोग नसतो. पण मी तिला खरं सांगू शकत होते, तेवढ्याने तिचं जेवण गेलं असतं, आणि मी सांगितलं नाही.

गुरुवारी डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर म्हणजे पोरगीच, माझ्या नातीपेक्षा सातआठ वर्षांनी मोठी. तिने मला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी सगळं केलं. मग म्हटलं, “डॉक्टर, तुमचा वरचा डावा सुळा खोटा आहे. काम चांगलं आहे, पण रंग एक छटा जास्त पिवळा निवडलाय.”

तिने पटकन तोंडावर हात धरला आणि लेकीला म्हणाली, “यांच्या डोक्याला काय झालंय म्हणताय?”

मी लेकीला बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर सगळं ओकले. राग, सफरचंद, आई, दोन मिश्या.

“चूक तुमची आहे हे तुम्हाला कधी कळलं?”

“साचा उलटा केला तेव्हाच. अक्षर माझंच होतं ना.”

“मग काय केलंत?”

“खरवडून टाकली.”

ती हसायला लागली. “आजी, लपवायला बरंच डोकं लागतं. ज्यांचं खरंच जातं ना, त्यांना चूक केलीय हेच कळत नसतं पुष्कळदा.” मग गंभीर होऊन म्हणाली, “हे बघा, रोजची किरकिर असते ना, काहीतरी सांडलं, कुणी उशिरा आलं, ती वय वाढलं की बऱ्याच जणांना कमी लागते. आणि छान काही घडलं तर ते अगदी आतपर्यंत लागतं. सगळ्यांचंच असं होतं असं नाही. पण तुमचं झालंय, आणि तो आजार नाही. सहा महिन्यांनी पुन्हा या, तेव्हा बघू. आज मला काळजी करण्यासारखं काही दिसत नाही.”

माझ्या जिवात जीव आला. पण मी सहजासहजी ऐकणारी नव्हे. “आणि माझ्या आईचं काय? तिचं असंच सुरू झालं होतं.”

“कितव्या वर्षी शांत झाल्या?”

“अडुसष्ट.”

“आणि माणसं विसरायला कधी लागल्या?”

मी बोटांवर मोजलं. ज्या वर्षी नात शाळेत गेली त्या वर्षी. “सत्त्याहत्तराव्या.”

“मग मधली नऊ वर्षं?”

“मधली नऊ वर्षं काय?”

“त्या नऊ वर्षांत कशा होत्या त्या?”

कशा होत्या म्हणजे? होती की. खिडकीत होती. डॉक्टरांची नावं पाठ, कुणाला कधीची तारीख दिलीय ते पाठ. खिडकीतून हाक मारून सांगायची, “अगं, ते मेण जास्त तापलं, वास येतोय.” आणि बरोबर असायची. कधीकधी म्हणायची, “दे ना वाटी इकडे, मी कालवते प्लॅस्टर.” मी म्हणायचे, “आई, तू आराम कर.” ती म्हणायची, “बरं.” वाद घालायची नाही. वाद घालत नाही म्हणजे हिचं संपलंच, असं मी धरून चालले. नऊ वर्षं. माझी आई चांगली धडधाकट होती, आयुष्यात पहिल्यांदा खुशीत होती, आणि मी तिला आजारी ठरवून उशीवर बसवून ठेवली.

डॉक्टर पोरगीने माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

परतताना लेक सारखी विचारत होती, काय म्हणाली, काय म्हणाली. मी म्हटलं, “ठणठणीत आहे मी.” एवढंच. पुढचं बोलले असते तर रस्त्यातच भोकाड पसरलं असतं.

आणि कार्यशाळेत शिरले तर काय? माझं स्टूल मेणाच्या टेबलापाशी नव्हतं. पहिल्या खोलीत होतं. खिडकीत. वर नवीन उशी, निळी, कडेला शिवण घातलेली.

“तुझी पाठ दुखते ना,” लेक माझ्याकडे न बघता म्हणाली. “इथे ऊन छान येतं. मी सकाळीच भुंगाकाकांकडून हलवून घेतलं.”

भुंगा मोटरच्या खोलीच्या दारात उभा होता, ज्या कानाने ऐकू येत नाही तो आमच्याकडे करून.

मी त्या स्टुलाकडे बघत राहिले. लेक वाईट नाही हो. मीही वाईट नव्हते. मीही अशीच उशी आणली होती, अशीच जीव लावून. मी राग शोधला, खरंच शोधला, आता तरी हवा होता मेला. पण आला नाही. आली ती आईच, स्टुलावर बसून ‘बरं’ म्हणणारी.

तेवढ्यात नात दुसऱ्या खोलीतून आली. अ‍ॅप्रन काढून त्याची घडी हातात धरलेली.

“आई, आजी, मला एक सांगायचंय,” ती म्हणाली. “मी हे काम सोडते. मला जमत नाही. आजीने तुला ओरडून ओरडून शिकवलं. भुंगाकाकांना तर अजून ओरडते. मला ओरडलीसुद्धा नाही. म्हणजे माझ्याकडून तिला आशाच नाही. ज्याच्यात काही दम असतो त्याच्यावर माणूस ओरडतं.”

आई गं! म्हणजे हे चाललं होतं तिच्या डोक्यात तीन दिवस. माझ्या गप्प बसण्याचा मी एक अर्थ लावला, लेकीने तोच लावला, आणि या पोरीने भलताच.

मी पर्समधून खिळा काढला. हो, माझ्या पर्समध्ये खिळा असतो. शेल्फवरून शिपायाचा साचा घेतला आणि तिच्या हातात दिला.

“बूड बघ.”

“शाळा,” तिने वाचलं.

“नीट बघ. खाली खरवडल्याच्या खुणा दिसतात? तिथे ‘मिशी’ होतं. ट्रम्पेटवाल्यांवरही ‘मिशी’च आहे. दोघांना मी एकच शब्द दिला. चूक माझी. तू सोमवारी रडत बाहेर गेलीस तेव्हा मी ते खरवडलं आणि तुझ्यावर ढकललं. मला भीती वाटली, हे मला खिडकीत बसवतील म्हणून. आता बसवा. पण ही पोर कुठे जाणार नाही.”

नात साच्याकडे बघत होती. लेक पुढे आली.

“म्हणजे आई, तू खरंच विसरायला लागलीस?”

“ओ, छताकडे बघा!” भुंगा एकदम ओरडला. मोटर बंद असली तरी तो चालू असल्यासारखाच ओरडतो. त्याने बोट वर केलं.

पहिल्या खोलीच्या छताला, दाराच्या वर, प्लॅस्टरचा एक गोळा चिकटलेला आहे. जन्मापासून आहे असंच सगळ्यांना वाटतं. रंग देताना त्याच्यावरूनच रंग देतात.

“तो गोळा कुठून आला, माहितीये?” भुंगा लेकीला म्हणाला. “छत्तीस वर्षं झाली. मी तेव्हा नवा होतो. तुमच्या आईसाहेबांनी दोन माणसांना ‘टक्कल’ लिहिलं. दोघांना एकच! मी जोडी चुकवली. बाईंनी मला असं झापलं, असं झापलं, आणि भरलेली वाटी फेकली ती तिथे वर. महिनाभर माझ्याशी बोलत नव्हत्या. चौतीस वर्षांच्या होत्या तेव्हा. तेव्हाही विसरायच्याच. आताही तेवढंच विसरतात. जास्त नाही, कमी नाही. फरक एवढाच की आता वाटी हातात राहते.”

मी गोळ्याकडे पाहिलं. अगदी खरं होतं. ते ‘टक्कल’ मी साफ विसरले होते, म्हणजे वाटी फेकल्याचं आठवत होतं, ती का फेकली तेच विसरले होते. माणसाचं असंच असतं.

“मग तेव्हा सांगितलं का नाहीस रे, की चूक माझी होती?”

“सांगितलं की. तुम्ही ओरडत होतात, ऐकू आलं नाही.”

आधी नात फिस्सकन हसली, मग लेक, रडता रडता. मी भुंग्याला म्हटलं, “छत्तीस वर्षं उशीर झाला, पण चुकलं माझं.” तो मान डोलवून म्हणाला, “काय म्हणालात? ऐकू आलं नाही.” दोनदा म्हणवून घेतलं मेल्याने.

लेकीने स्टूल उचललं आणि मेणाच्या टेबलापाशी नेऊन ठेवलं. उशी तेवढी राहू दिली. उशी बरी होती.

“पण आजी,” नातीने अ‍ॅप्रन पुन्हा गळ्यात घालत विचारलं, “मला माहीत नव्हतं ना तुझी चूक होती ते. तुलाही आधी माहीत नव्हतं. मग खरंच ओरडली का नाहीस?”

“राग आला नाही गं. मी वाट बघत होते त्याची. तुझ्या नाकाला भुकटी लागली होती, ती फार गोड दिसत होती. बस.”

मग पाठीमागून येऊन तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली. मी म्हटलं, “चल, शनिवारी ट्रम्पेट वाजायला पाहिजे. मेण लाव.”

पण कामाला बसण्याआधी मला एक करायचं होतं. टेबलाच्या वरच्या फळीवर काही जुने साचे आहेत, टाकवत नाहीत असे. त्यात आईचा आहे. खिडकीत बसायला लागल्यावर तीन-चार वर्षांनी तिचे उरलेले दात गेले, तेव्हा तिची कवळी मीच केली होती. नातीला स्टुलावर चढवून मी तो काढायला लावला. धूळ पुसली. उलटा केला.

माझ्याच अक्षरात, खोल कोरलेलं: ‘गप्प’.

मला वाटलं होतं तसंच होतं. स्वतःच्या आईला मी हा शब्द दिला होता. तिच्या साच्यावर, तिच्या कार्यशाळेत, तिनेच शिकवलेल्या हाताने.

मी खरवडायला घेतलं. प्लॅस्टर जुनं, टणक, पटकन निघेना. नात शेजारी बसून बघत होती.

“पणजी कुठे गप्प होती?” ती एकदम म्हणाली.

मी थांबले. “तुला आठवते ती?”

“म्हणजे काय? तू आणि आई इथे कामात असायचात, मी तिच्या मांडीवर. ती मला रस्त्यावरचे लोक दाखवायची आणि सांगायची, त्याचे खरे आहेत, तिचे खोटे, त्याचे खालचे खोटे. मला आधी काही कळायचं नाही, मग ओळखू यायला लागले. मी बरोबर सांगितलं की इतकी हसायची, इतकी हसायची, की तिचेच निसटायचे.” नात हसली. “मी या कामात का आले असं तुला वाटतं?”

माझ्या पाठीमागे दहा पावलांवर, खिडकीत, माझी आई कामच करत होती. या पोरीला तयार करत होती. आणि मी मान वर करून पाहिलंही नव्हतं.

“आई,” मी त्या प्लॅस्टरला म्हणाले, सगळ्यांसमोर, अगदी मोठ्याने, “फार लवकर उठवलं गं तुला टेबलावरून. चुकलं माझं.”

रडले. भरपूर रडले. लेकही येऊन बसली. मोटर सुरू झाली नाही.

मग मी खिळा नातीच्या हातात दिला. “तू लिही.”

तिने विचार केला नाही. जिभेचं टोक दातात धरून, सावकाश, बुडाच्या गुळगुळीत झालेल्या जागी तिने कोरलं: ‘हसरी’. भुकटी फुंकली. या फळीवर दुसरी ‘हसरी’ नाही ना, ते तिने एकेक साचा उलटा करून तपासून घेतलं. मग दिवा पेटवला आणि ट्रम्पेटवाल्यांचं मेण तापवायला ठेवलं.